काळी पट्टी कोणाची

१ फेब्रुवारी

काल सावनेरचं काम झालं. आज सकाळी कार्ड उतरवायला बसले आणि चहा तसाच थंड झाला. एकशे बारा फोटो, त्यातल्या एकसष्टांना खाली काळी पट्टी. बारीक रेघ नाही, फोटोचा तिसरा हिस्सा काळा. मागे उभे असलेले सगळे स्वच्छ. मॅनेजर, युनियनचे पुढारी, दोन्ही जावई, दारातला बँडवालासुद्धा. पुढे खुर्च्यांवर बसवलेले दोघं अंधारात. ज्यांच्यासाठी हार आणले तेच नाहीत.

शंकरराव सहारे. छत्तीस वर्षं कोळसा खाणीत. काल शेवटची पाळी करून वर आले आणि आंघोळ करून सरळ सत्काराच्या खुर्चीत. शेजारी बायको, नव्या साडीत अवघडलेली. मुलगी वैशाली तिथल्याच शाळेत शिकवते, तिनं मला बोलावलं होतं. 'बाबांचे आईसोबत धड फोटोच नाहीत ताई, यावेळी काढाच.'

सुरुवातीचे वीसेक फोटो, पाहुण्यांचे आणि भाषणांचे, मी स्क्रीनवर पाहिले होते, ठीक होते. मग हार घालणाऱ्यांची रांग लागली, पुढचे पाहायला फुरसत झाली नाही. ही माझी चूक, लिहून ठेवते.

दुपारी. शटर १/१६० वर होतं. प्रत्येक फाइलमध्ये तशी नोंद आहे, दहादा पाहिली. फ्लॅश लावून शटर दोनशेच्या वर नेलं की अशी पट्टी येते, हे शिकाऊ पोरांना पहिल्याच महिन्यात सांगतात. मी एकोणीस वर्षं हेच करते आहे. दोनशेच्या वर गेले नव्हते. नव्हते म्हणजे नव्हते.

२ फेब्रुवारी

वैशालीला फोन केला. आढेवेढे न घेता सांगून टाकलं. तिनं विचारलं, 'एकही नाही का ताई? दोघांचा?'

एक आहे. त्यात शंकररावांचे डोळे मिटलेले आणि त्यांची बायको दुसरीकडेच पाहतेय. पट्टीवाल्यांसोबत तोही पाठवते म्हटलं. पैसे परत पाठवले. ती रागावली असती तर बरं झालं असतं, नुसतं 'ठीक आहे' म्हणाली.

४ फेब्रुवारी

बर्डीवरच्या बाजारातलं कंपनीचं सर्व्हिस सेंटर. टोकन चौदा, दीड तास. काउंटरवर टाय लावलेले गृहस्थ, बोलायला गोड.

'मॅडम, वॉरंटी खतम आहे. तेवीस डिसेंबरलेच संपली.'

म्हटलं, एकतीस जानेवारीला बिघडला.

'हाव नं. मंग एकोणचाळीस दिवस उशीर झाला तुमाले.'

म्हणजे बिघडायला उशीर मीच केला. त्यांच्याच पुस्तिकेत लिहिलंय की हे शटर दोन लाख फोटोंसाठी बनवलंय. माझे एकतीस हजार झालेत. पान उघडून समोर धरलं. 'ते एस्टिमेट असते मॅडम.' वॉरंटीत एका दिवसाची सूट नाही, आणि दोन लाख मात्र अंदाजे.

कॅमेरा ठेवून आले. तपासून काय ते लेखी द्या, तोंडी चालणार नाही, असं दोनदा बजावलं.

७ फेब्रुवारी

फोटोग्राफरांच्या ग्रुपवर माझा फोटो. सावनेरचाच, पट्टीवाला. कुठून मिळाला देव जाणे, एखाद्या जावयानं पुढे पाठवला असेल. खाली महाल भागातला राजूभाऊ, तोही फोटोग्राफरच: 'ताईंनी सिंक स्पीडचा क्लास लावावा.' म्हणजे फ्लॅशची ती दोनशेची मर्यादाही मला माहीत नाही. चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यातल्या तिघांना लाइट कसा लावायचा ते मी शिकवलंय.

फाइलमधल्या नोंदीचा फोटो ग्रुपवर टाकला, १/१६० स्पष्ट दिसतं. राजूभाऊनं अंगठा टाकला.

पुढच्या महिन्यातलं कन्हानचं साक्षगंध, साखरपुड्याचं काम, रद्द. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. चार ओळी. शटर असमान चालते. आतील भागात लाल भुकटी आढळली. बाह्य पदार्थामुळे बिघाड. जबाबदारी वापरकर्त्याची.

सोबत फोटो. लेन्स जिथे बसते त्या कड्याच्या आतल्या बाजूला, शटरच्या चौकटीजवळ, लाल कण. खरंच आहेत.

संध्याकाळी विलासला दाखवला. नवरा माझा पाटबंधारे खात्यात कारकून, कागद वाचण्यात मुरलेला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. 'गुलाल असन. सावनेरले उधळला नसन का?'

उधळला होता, मिरवणुकीत. पण तेव्हा कॅमेरा बॅगेत होता आणि चेन मी स्वतः लावली होती. तसं सांगितलं. तो बाल्कनीत जाऊन झाडांना पाणी घालत बसला. सकाळीच घातलं होतं.

१५ फेब्रुवारी

विलास दोन दिवस धड जेवला नाही. आज भाकरी मोडता मोडता थांबला.

'ऐक नं वं. दसऱ्याले मीच लावलं.'

काय लावलं?

'कुंकू.'

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर सगळं मांडतात. त्याचा पेन, पान्हे, विळा, माझा कॅमेरा. पोटापाण्याची हत्यारं, त्यांची पूजा. मी लेन्स काढून वेगळी ठेवली होती, कॅमेऱ्याच्या डोक्यावर टिकलीएवढं कुंकू लावलं आणि पुरण पाहायला आत गेले. समोरचं झाकण लावायचं राहिलं. मागून हा आला.

'मले तिथं गोल दिसलं. म्हटलं हीच जागा असन.'

आत बोट घातलं नाही, नुसतं कड्याला टेकवलं, अशी त्यानं माझी शपथ घेतली. वर अक्षता वाहिल्या. दोन तांदूळ मला कड्यात सापडले होते ते आता आठवलं, मी फुंकर मारून काढले होते आणि मांजरानं उडवले असतील समजले. मांजर उगाच बदनाम.

आधी हसायला आलं. मग इतका राग आला की ताट घेऊन उठले. चार महिने हा माणूस गप्प होता. 'मले काय मालूम त्यानं बिघडते म्हणून,' म्हणाला. खरंच त्याला काय माहीत. पण मलाही काय माहीत आता?

१६ फेब्रुवारी

सकाळी दूध आणायला उतरले आणि जिन्यातच थांबले. गणपती!

सोसायटीचा बक्षीस समारंभ, हॉलमध्ये, फ्लॅशवर. दोन फोटोंना पट्टी आली होती. तेव्हा वाटलं अंगठा लागून शटरचं चाक फिरलं असेल. उडवले दोन्ही, तिथेच, बक्षीस घेणारी पोरगी स्टेजवरून उतरायच्या आत. आमच्या धंद्याची सवयच ती, वाईट फोटो दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडता कामा नये. एकोणीस वर्षं अशीच इभ्रत राखली.

धावत वर येऊन फाइली पाहिल्या. ४४७०, नंतर सरळ ४४७३. मधले दोन नाहीत. मेमरी कार्ड तेव्हापासून दहादा पुसलंय.

म्हणजे गणपतीत दोष होता. दसऱ्याच्या आधी, कुंकवाच्या आधी, वॉरंटीच्या आत. आणि पुरावा मीच बोटानं उडवला. विलासला काय बोलू?

त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा उजळला. 'मंग माह्यानं नाही झालं!' म्हटलं, सिद्ध कर. पुन्हा पडला.

२४ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्यावरच्या पाठक वकीलबाई. त्यांच्या नातीच्या बारशाचे फोटो मी काढले होते, त्यामुळे फी नाही, चहा वर.

त्या म्हणाल्या, 'वॉरंटी संपली म्हणजे कंपनी सुटली असं समजू नकोस. दोष मुळातला असेल तर तो वॉरंटीनंतरही मुळातलाच राहतो. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जायचं. स्वतः लिही, स्वतः उभी राहा, वकील लागतोच असं नाही.'

मग मी कुंकू आणि उडवलेले फोटो दोन्ही सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला. 'हे दोन्ही तक्रारीत लिहायचं नाही. त्यांनी काढलं तर पाहू.'

मी लिहिणार म्हटलं.

'स्वतःच्या विरुद्ध कोणी लिहितं का गं?'

त्यांना पटवता आलं नाही, मलाही नीट मांडता येईना. माझं एवढंच आहे की राजूभाऊपासून कंपनीपर्यंत सगळे म्हणतात बाई खोटं बोलते, हात चुकला आणि कॅमेऱ्यावर ढकलते. आता मी एक गोष्ट जरी लपवली तर ते खरे ठरतात. मला नवा कॅमेरा नको आहे. पट्टी माझ्या हातानं आली नाही, एवढं मला कोणाकडून तरी लेखी हवं आहे.

बाई म्हणाल्या, 'हट्टी आहेस.' मग पेन काढून मी नेलेल्या टिपणातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली.

३ मार्च

तक्रार दाखल. ऑनलाइन, तीनदा अडकली, चौथ्यांदा गेली. मागणी क्रमांक एक: कॅमेऱ्याची प्रयोगशाळेत तपासणी करून दोषाचे कारण लेखी द्यावे. मुद्दा सात, कुंकू. मुद्दा आठ, उडवलेले फोटो. मुद्दा सात टाइप करताना विलास मागे उभा. 'माह्यं नाव टाकलं का?' टाकलं. 'टाक,' म्हणाला आणि खाली फिरायला गेला.

२८ एप्रिल

कंपनीचं उत्तर. अकरा पानं.

एक, वॉरंटी संपली. दोन, तक्रारदार धंदा करते, व्यापारी कारणासाठी वस्तू घेतली, म्हणून ती ग्राहकच नाही. तीन, तक्रारदाराने मुद्दा सात व आठमध्ये स्वतःच कबुली दिली आहे.

दुसऱ्यावर पाठकबाई खूष. 'स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र व्यापारी होत नाही, कायद्यातच तसं म्हटलंय. तुझ्याकडे नोकर आहेत?' म्हटलं, मीच फोटोग्राफर, मीच हमाल, मीच झाडूवाली. 'हेच लिही. हमाल गाळ.'

तिसऱ्यावर त्या 'मी सांगितलं होतं' हेसुद्धा म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

१४ मे

पंचेचाळीसच्या वर पारा. आयोगात पंखा फिरतो, हवा येत नाही. कंपनीचे वकील आले नाहीत, पुढली तारीख. डोक्याला दुपट्टा बांधून गेले तशीच परत आले. वाटेत उसाचा रस दोन ग्लास.

सध्या जुना कॅमेरा बाहेर काढलाय. कामं कमी. पासपोर्ट फोटो आणि शाळेची ओळखपत्रं यांवर भागतंय. एक बाई पासपोर्ट फोटो पाहून म्हणाली, यात मी आजारी दिसते. म्हटलं, ऊन आहे हो.

१७ जून

कंपनीकडून फोन, मग पत्र. 'सद्भावना म्हणून' शटर फुकट बदलून देणार, वर एक वर्षाची नवी हमी. मी तक्रार मागे घ्यायची आणि सोबतच्या कागदावर सही करायची. कागदात एकच वाक्य: बिघाड वापरकर्त्याकडून गेलेल्या बाह्य पदार्थामुळे झाला हे मला मान्य आहे.

विलास म्हणतो घे. 'काहून लागून राहिली वं त्यायच्या मागं? कॅमेरा भेटून राहिला नं? कुंकू लावलं ते खरंच आहे. माह्या नावानं लिहून दे, मी सही करतो.'

त्याचंही चूक नाही. कारकुनाला कागद मिटला की बरं वाटतं. शिवाय चार महिने तो हे मनावर घेऊन फिरतोय, त्याला सुटायचंय. मला कळतं. आणि खरं सांगायचं तर आज दुपारी मीही तो कागद समोर ठेवून पेन उघडलं होतं. दिवाळीनंतरचा लग्नांचा हंगाम, हातात धड कॅमेरा नाही. सही करायला किती वेळ लागतो.

पेन बंद केलं. आज नको.

२२ जून

बेल वाजली. दारात वैशाली आणि मागे शंकरराव, हातात पिशवीभर वांगी. सावनेरहून बसनं आले. कंपनीच्या कागदाचं मी वैशालीला फोनवर सांगितलं होतं. मी दारातच माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

'फोटो मागाले नाही आलो, बाई. पोरीनं सांगतलं तुमाले सही मागून राहिले म्हणून.'

पाणी प्यायले. उजवा पाय सरळ पसरून बसले, तो वाकत नाही.

'हे पाहा. सत्त्याण्णव साली माह्या पायावर रुळावरचा कोयशाचा डब्बा आला. दवाखान्यात शुद्धीवर आलो तं साहेब कागद घिऊन हजर. लिवलं होतं, मजुरानं ब्रेक लावला नाही. सही कर, सगळा खर्च आमी करतो. आमच्यात काही मोडलं का पयले मजुराची चूक लिवतेत, मंग चवकशी करतेत. मी म्हटलं, ब्रेक म्या लावला होता. तो लागला नाही. डब्बा पाहा पयले.'

मग?

'मंग काय. आठ महिने पगार अडकवला. डब्बा पाहिला तवा ब्रेकचा खिळा घासून संपला होता. पण बाई, तो घासलेला नसता निंघाला, तरी म्या सही केली नसती. पाह्याच्या आधी काहून करू?'

विलास दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यानं आत जाऊन स्वतः चहा टाकला. साखर दुप्पट.

निघताना म्हटलं, जुना कॅमेरा आहे, तुमच्या दोघांचा फोटो आत्ता घरी येऊन काढते. ते म्हणाले, 'तो मंग काढू. पयले हे निपटवा.' वैशालीनं जिन्यात हळूच विचारलं, 'ताई, आई रोज विचारते, फोटो कधी येते म्हणून. तिला काय सांगू?' मी वांग्यांची रिकामी पिशवी घडी करून तिच्या हातात दिली.

२३ जून

पत्राला उत्तर. तीन ओळी. सद्भावनेबद्दल आभार. कारण तपासल्याशिवाय कारणावर सही करणार नाही. तपासणीनंतर माझा दोष निघाल्यास न सांगता मान्य करीन. पोचपावतीसह टाकलं.

विलासनं पाकिटावर तिकीट चिकटवलं. सही करतो म्हणाला होता, ती गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

९ जुलै

आयोगासमोर. कंपनीचे वकील आज आले, इस्त्रीचा कोट, पावसात भिजलेले बूट. म्हणाले, तक्रारदाराची कबुली समोर असताना तपासणी म्हणजे वेळेचा अपव्यय.

अध्यक्षांनी मला विचारलं, काही बोलायचंय?

पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच बोलले की साहेब, कुंकू लावलं ही कबुली आहे, कुंकवानं बिघडलं ही नाही. लावणारे माझे मिस्टर मागे बसलेत, विचारा त्यांना. मागे वळून पाहिलं तर विलास खरंच उभा राहिला, शाळेत नाव घेतल्यासारखा. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं. कोणीतरी हसलं.

आदेश: कॅमेरा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा. शटरमधल्या दोषाचं कारण आणि तो कधीपासूनचा असावा, दोन्हीवर मत मागवावं. तपासणीची फी आधी मी भरायची.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब जवळ आले. अगदी आपुलकीनं म्हणाले, 'मॅडम, रिपोर्ट तुमच्या विरुद्ध गेला तर ऑफरही नाही राहणार. विचार करा.' म्हटलं, केलाय.

रिक्षात बसल्यावर मात्र रिपोर्टसोबतचा फोटो पुन्हा काढून पाहिला. लाल कण मी डोळ्यांनी पाहिलेत. शटरच्या चौकटीजवळ होते. गणपतीतले ते दोन फोटो खरंच तसेच होते, की मला आता तसं आठवायला हवंय म्हणून आठवतं? नाही. तसेच होते. पोरीच्या हातातली ट्रॉफी अर्धी काळी होती.

१० जुलै

ग्रुपवर लिहिलं. 'सावनेरच्या फोटोंचा कॅमेरा आयोगामार्फत प्रयोगशाळेत जातो आहे. अहवाल जो येईल तो, माझ्या विरुद्ध असला तरी, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत इथे टाकीन. क्लास कोणी लावायचा ते तेव्हा ठरवू. राजूभाऊंनी तोवर धीर धरावा.'

यावेळी अंगठा नाही. तासाभरानं एकाचा खासगी निरोप: ताई, माझ्याही कॅमेऱ्याला, याच मॉडेलला, कधीकधी पट्टी येते, मीही उडवून टाकतो. कोणाला सांगू नका.

त्याला लिहिलं, मी नाही सांगत. पण पुढची उडवू नकोस, भावा. जपून ठेव.

१ ऑगस्ट

आज सील झालं. आयोगातल्या बाईंनी सर्व्हिस सेंटरमधून आणवलेला कॅमेरा कापडात गुंडाळला, दोरा, लाख, शिक्का. कापडावर माझी सही, कंपनीच्या माणसाची सही. तो टायवालाच, बर्डीचा. दोघंही एकमेकांकडे न पाहता बसलो होतो. लाख गरम असताना एक थेंब टेबलावर पडला, बाईंनी तो नखानं खरवडला. किती दिवस लागतील विचारलं. 'सांगता नाही येत. कधी दोन महिने, कधी सहा.'

संध्याकाळी वैशालीचा फोन. सगळं सांगितलं. तिनं विचारलं, 'ताई, विरुद्ध आला तर?'

म्हटलं, विरुद्ध आला तर मी सावनेरला येईन, तुझ्या आईबाबांना समोर बसवून तो कागद स्वतः वाचून दाखवीन. माझ्या बाजूनं आला तर त्या टायवाल्याला सोबत आणीन. मग तो वाचेल.

ती हसली. मागून तिच्या आईचा आवाज आला, फोटोवाल्या बाई आहेत का, म्हणून. वैशालीनं फोन आईच्या हातात दिला. त्यांना म्हटलं, तुमचा दोघांचा फोटो माझ्याकडे बाकी आहे, निकाल काहीही लागो, तो मी काढणारच.